हितं की तितं

लासुर्णे, ता. इंदापूर

प्रिय मेघना,

सप्रेम जयभीम. तुझं ते रेकॉर्डिंग मला काय भावात पडलं ते आधी सांगतो. विहिरीवरची मोटर जळाली. ती वाइंडिंगला टाकली आणि ऐन द्राक्षाच्या घडात पाणी उतरायच्या दिवसांत बाग तहानलेली राहिली. कानात घालायच्या त्या वायरींचा एक जोड बोलेरोच्या दारात चेमटला, दुसरा आणला. तुझ्या आईनं अबोला धरलाय, तो अजून सुटलेला नाही. आणि झोप गेली. पण झोपेचा भाव कुठल्या मार्केटला निघत नाही, म्हणून ती हिशेबात धरत नाही. एवढं सगळं तुझ्या पाव तासाच्या बोलण्यापायी.

मोटर कशी जळाली, तर तुझा आवाज कानात घालून बसलो होतो, मोटरचा आवाज शिरायला जागाच नव्हती. एरवी असं काही माझ्या कानावरनं निसटलं असतं का? रानाच्या कुठल्याही कोपऱ्यात असलो तरी मोटर हवा ओढायला लागली की मी धावत सुटायचो, आणि तू मागनं येऊन विहिरीत वाकून बघायचीस तर पाणी खरंच तळाला गेलेलं असायचं. शेजारचा गेणबा तात्या अजून ट्रॅक्टर दारात आणून चालू ठेवतो आणि म्हणतो, ‘बग रं, काय म्हनतंय त्ये.’ कात्रीच्या आवाजावरनं मी सांगायचो काडी पिकलीय का हिरवी आहे. आणि आपली पहिली बाग मी कानावर उभी केली, हे तू पन्नास वेळा ऐकलंयस, एकावन्नावं ऐक. तेव्हा मी दुसऱ्याची बाग वाट्यानं धरली होती, आणि तो व्यापारी माझ्यापुढं तोंड वाईट करून म्हणाला, बाजार पडलाय, फुकट न्यायची वेळ आलीय. मग गाडीच्या आडोशाला जाऊन फोनवर हिंदीत कुणाला तरी म्हणाला, काही झालं तरी गाडी आज भरायचीच. मी आठ ओळी पलीकडं क्रेट लावत होतो. परत आल्यावर त्याला म्हणालो, शेठ, माल अजून गोडीला यायचाय, चार दिवस थांबू. त्यानं जो भाव दिला त्यातनं मी दुसऱ्याच्या बागेत छाटणी करणारा माणूस स्वतःच्या बागेत उभा राहिलो. समोरचा काय बोलणार ते मला आधीच ऐकू यायचं, म्हणून मी कधी कुणाला भ्यालो नाही. भ्यायचं ते बहिऱ्यानं, असं मी चारचौघांत म्हणायचो.

आता भ्यालोय. आणि भीती एका अक्षराची आहे. रेकॉर्डिंगच्या शेवटाला तू त्या कवीच्या घरातनं बाहेर पडून मागच्या द्राक्षबागेत उभी राहिलीस. म्हणालीस, अप्पा, हितल्या कात्रीचा आवाज ऐका. ऐकला, छान आहे. आणि मग म्हणालीस, ‘औंदाच्या ऑक्टोबर छाटणीला मी —तंच असनार, बगा.’ पहिलं अक्षर वाऱ्यानं नेलं. हितंच, का तितंच? तू उभी होतीस जर्मनीत. तिथनं बोलायचं तर हितं म्हणजे जर्मनी आणि तितं म्हणजे आपलं घर. हितंच म्हणाली असशील तर तू तिकडची झालीस. तितंच म्हणाली असशील तर सप्टेंबरात शिक्षण संपवून येणार आणि छाटणीला आपल्या बागेत असणार. आपल्या भाषेनं या दोन शब्दांत फक्त एका अक्षराचं अंतर ठेवलंय, आणि सगळा समुद्र त्या अक्षरात बसवलाय. माझा बाप दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून म्हणायचा, ‘हितं आपलं कायबी न्हाय.’ पहिला सातबारा हातात आला तेव्हा मी रानात एकटाच जाऊन, पाय रोवून, मोठ्यानं ‘हितं’ म्हणून आलो होतो. तुझ्या आईला आजतागायत सांगितलं नाही, हसेल म्हणून. तोच शब्द आता तुझ्या तोंडनं नको वाटतोय.

तू त्या घराच्या जिन्यावर बसून बोललीस तेवढं सगळं मला मिळालं, आत शांत होतं. काय मिळालं ते परत सांगतो, बरोबर आहे का बघ. सुरुवातीलाच म्हणालीस, अप्पा, हे तुमच्या एकट्यासाठी आहे, आईला ऐकवू नका. कॉलेजची सहल होती. सकाळी बाग, दुपारी कवीचं घर. कवीचं नाव तू दोनदा घेतलंस आणि दोन्हीदा मला वेगळं वाटलं, म्हणून लिहीत नाही. त्याचा बाप लोकांच्या बागा छाटायचा, अगदी माझ्यासारखा. पोरगा मिसरूड फुटताच शहरात गेला, जन्मभर या टेकडीवर आणि या वेलींवर कविता लिहिल्या, पण परत आला तो पेटीतनंच. गावानं मग त्याचं घर सजवून ठेवलं. टेबल मांडलं, त्यावर दौत ठेवली, भोवती दोरी बांधली, आणि त्या टेबलावर त्यानं एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. कुठल्या तरी जुन्या बाजारातनं आणलेलं आहे ते. माहिती देणारी बाई हे सांगताना हसली आणि तुम्ही पोरंपोरीही हसलात. मग म्हणालीस, या घरात खरी वस्तू एकच आहे, त्याच्या आईचं बुटकं स्टूल. स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवलंय. तिथनं स्टेशनाकडनं येणारा रस्ता दिसतो. बसून बसून त्याची कड हातानं झिजलीय. एवढं सांगून तू थांबलीस. तुझ्या त्या थांबण्याचा मी इतका कीस पाडलाय की विचारू नकोस. त्या स्टुलाकडं बघून तुला आई आठवली आणि म्हणून तितंच म्हणालीस? का आपल्याला आता जे सांगायचंय ते कसं सांगावं म्हणून थांबलीस, आणि हितंच म्हणालीस? दोन्ही तितकंच बसतं. आपला कडप्प्याचा ओटा आणि तुझ्या आईची बसायची जागा बघितली की माझं पाऊल स्वयंपाकघरात पडत नाही. ती नुसत्या भुवईनं विचारते, काय झालं. मी म्हणतो, पाणी पाहिजे. मग पाणी पितो.

बागेचं तू जे सांगितलंस ते मी गेणबालाही सांगितलं. वाइनचा घोट घेतलास ते सोडून. पंचशीलातलं पाचवं, नशा न करण्याचं, मला आठवलं, पण ते तुझ्या-माझ्यात राहू दे. तुझ्या आईला कळलं तर ती विहारात जाऊन तुझ्या नावानं वंदना घेईल. टेकडी इतकी उभी की माणूस दोर लावून छाटणी करतो, हे गेणबाला पटलं नाही. पण वेली झोपतात हे त्याला पटलं. थंडीत पान गळतं, बर्फ पडतो, वेल गप पडून राहते, आणि कुणी तिला उठवत नाही. त्या बागेच्या बाईला तू सांगितलंस की आमच्याकडं वेल झोपतच नाही, एप्रिलात छाटतो, ऑक्टोबरात छाटतो, काडीला पेस्ट लावून उठवतो, तर ती म्हणाली, मग तुमची वेल लवकर म्हातारी होत असेल. होते, तिला सांग. तिची आजोबांनी लावलेली वेल अजून धरते, आणि आपली वरच्या तुकड्यातली बाग, तू शाळेत होतीस तेव्हा लावलेली, तिचं खोड आता थकलंय. यंदाचा माल उतरला की ती काढायची आहे. खरी अडचण इथं आहे. नवीन बाग लावायची तर खुंटरोपं, ज्यांवर कलम बांधायचं ती, नर्सरीत आत्ताच सांगावी लागतात, पावसाळ्यानंतर कलम करायचं, मग पुढच्या वर्षी कुठं मांडवावर चढणार. तू मातीचं शिकून येणार असशील तर ते करण्यात अर्थ आहे. येणार नसशील तर मी ऊस लावून मोकळा होतो. ऊस कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. व्यापारी नाही, कात्री नाही, गाडीआडचं बोलणं नाही. उसाला कान लागत नाहीत.

या आठवड्यात अजून एक झालं, तेही सांगतो, कारण त्यानं माझी उरलीसुरली हिंमत नेली. खालच्या तुकड्यात कौसल्या तिच्या टोळीतल्या बायका घेऊन घडांना कागद लावत होती. मी ओळीत वाकून ठिबकची नळी बघत होतो. वर बघितलं तर सगळ्या बायका जागच्या जागी थिजलेल्या, कागद हातात तसेच, आणि कौसल्याचं तोंड उघडं, हात माझ्या पायाकडं. मला वाटलं काहीतरी चेष्टा चाललीय, मी हसलोसुद्धा. तेवढ्यात ती आली आणि तिनं माझा सदरा मागनं धरून मला इतक्या जोरात ओढलं की मी बुडावर बसलो. माझा पाय होता तिथनं वीतभर अंतरावर पाचोळ्यात घोणस होती. वेटोळं घालून, मान मागं घेऊन, कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारत होती म्हणे. अख्ख्या ओळीनं ऐकलं. कौसल्या शिव्या देत होती. म्हणाली, ‘कान घरी ठिवून आलाय का, अप्पा? कवापासनं साप, साप म्हनून बोंबलतीय मी.’ मी म्हणालो, लेकीच्या विचारात होतो गं. बायका हसल्या, एक म्हणाली, लेक तिकडं आन मालक बी तिकडंच. घोणस आपणहून सरकून बांधाला गेली. मी घरी आलो, पाय धुतले, आणि संध्याकाळपर्यंत ओसरीवरनं खाली उतरलो नाही. सापाला मी पूर्वी भ्यायचो नाही. आपल्याकडं ऊस आहे तिथं घोणस आहेच, पण ती आधी आवाज देते, इमानदार जनावर आहे, असं मीच तुला शिकवलं होतं.

तू म्हणशील, एवढं आहे तर ते वाक्य दुसऱ्या कुणाला ऐकवायचं होतं. कुणाला? तुझी आई फोन हिसकून घ्यायला आली होती. म्हणाली, ‘लेकीचा आवाज तुमच्या एकट्याला, आन मी काय तिला उसात सापडली व्हय?’ आणि त्या दिवसापासनं ताट पुढं सरकवते पण तोंड उघडत नाही. तिला दिला असता तर तुझा शब्द मोडला असता, हे एक. आणि ते ‘हितंच’ निघालं असतं तर ते तिच्या तोंडावर मला वाचावं लागलं असतं. बाबासाहेब परदेशात शिकले आणि परत आले, असं ती शेजारणींना आत्तापासनंच सांगत असते. मी तुला असलं काही म्हणणार नाही. बुद्धभूषणला ऐकवलं तर तो पुण्यातनं रात्रीच्या आत आईला सांगणार, तुझा भाऊ बँकेत कसा टिकलाय कुणास ठाऊक, गुपित म्हणून त्याच्या पोटात राहत नाही. गेणबाला तर विचारायचीच सोय नाही. त्याचा शिवम कॅनडात गेला तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून गेला. आता गेणबा पारावर बसून म्हणतो, ‘पोरगं तितलंच झालं,’ आणि तंबाखू मळत राहतो. त्याच्यासमोर हे रेकॉर्डिंग लावणं म्हणजे त्याच्याच जखमेवर बोट ठेवणं. म्हणून मी एकटाच ऐकत बसलो. बोलेरोच्या काचा वर करून, आवाज शेवटपर्यंत वाढवून. रोज. एकदा हितं वाटतं, एकदा तितं वाटतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जे मला हवंय तेच मला ऐकू यायला लागलंय. तेव्हा ओळखलं की आता माझ्या कानावर माझाच विश्वास राहिलेला नाही.

तू रेकॉर्डिंगमध्ये विचारलंस, अप्पा फोनवर माझ्याशी दोन शब्द बोलून आईकडं का देतात, माझ्यावर रागावलेत का. नाही गं. घोणशीच्या दुसऱ्या दिवशी औषधं आणायला जातो सांगून मी बारामतीला गेलो, कानाच्या डॉक्टरकडं. त्यांनी मला काचेच्या खोक्यात बसवलं, कानावर चकत्या लावल्या, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. समोर एक मुलगी मशीन चालवत होती. जाडे आवाज आले ते दाबले. मग नुसती शांतता. पण तुझा बाप हुशार, मी त्या मुलीच्या बोटाकडं बघायला लागलो, तिचं बोट हललं की मी दाबायचो. तिनं ते ओळखलं. आत आली आणि तिनं माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली. मेघना, मी बटण धरून भिंतीकडं बघत बसलो आणि काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलंय. मागं वळलो तर तिचं बोट चालूच होतं. तेवढी भीती मला घोणशीची वाटली नाही. डॉक्टर म्हणाले, फवारणीच्या ब्लोअरपुढं इतकी वर्षं उघड्या कानानं बसलात, त्यानं झालंय. गेलेलं परत येत नाही, मशीन लावू. म्हणाले, जाडा आवाज राहतो, बारीक अक्षरं आधी जातात, स जातो, त जातो, ह जातो. कात्रीचा आवाज मी ऐकलेला नाही. तुझ्या त्या बागेत वारा होता का नव्हता, तेही मला माहीत नाही, वारा माझ्याच कानात असेल. मेसेज टाकला असता तर तू तडक फोन लावला असतास, म्हणून हा कागद. तुझ्या आईला अजून सांगितलं नाही. अबोल्याचा तेवढा एक फायदा आहे, मला ऐकू येत नाही हे तिच्या लक्षात येत नाही. पण हे पोस्टात टाकून आलो की सांगणार आहे. आता तू एक कर. कागदावर एकच अक्षर मोठं काढ, ह नाहीतर त, आणि त्याचा फोटो पाठव. जे बोललीस तेच. माझ्या कानाचं वाचलंस म्हणून ह चा त करायचा नाही. ह असला तर ऊस लावीन, जेवीन, आणि तुझ्या त्या टेकडीवर एकदा दोर धरून चढून जाईन. मशीन बसलं की पहिलं तुझं रेकॉर्डिंगच लावणार आहे, तेव्हा लबाडी सापडेल. एवढी बारीक अक्षरं मशीनला फोडता येतीलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण तू त्या भरवशावर राहू नकोस. आणि ते मोटरचं. वर मी ते तुझ्या माथी मारलंय, ते काढून घेतो. मोटर जळाली मंगळवारी. तुझं रेकॉर्डिंग आलं गुरुवारी. मंगळवारी माझ्या कानात वायरी नव्हत्या, आणि मी विहिरीच्या काठावरच बसलो होतो.

तुझाच, हितलाच,
अप्पा